इन्सुकबाईंच्या सपाता

कोरियातल्या मोक्पो शहराच्या रुग्णालयात सातव्या मजल्यावर हेड नर्स पांग इन्सुक येतेय, हे तिच्या सपातांवरूनच कळायचं. लाकडी तळव्यांच्या होत्या, टाचा दुखतात म्हणून घेतलेल्या. सकाळी पाळी सोपवताना रात्रपाळीच्या मुलीने उभं राहून एकेका पेशंटचं सांगायचं आणि इन्सुकने चूक धरून तिची सालटी काढायची, ही तिथली रीत. इन्सुकची सालटीही तिच्या उमेदीत अशीच निघाली होती. पण हल्लीच्या मुली टिकत नव्हत्या. त्या वर्षी दोघी निघून गेल्या. नव्यांपैकी आता सोल्बी तेवढी उरली होती. तीही गेली तर मजला चालणार नव्हता.

अशात वरून हुकूम आला: मनावरचा ताण हलका करण्यासाठी सगळ्यांनी ऑनलाइन ध्यानाचा वर्ग करायचा. आजवर असले वर्ग कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर आवाज बंद करून लावले जात आणि मुली शेजारी बसून किंबाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, खात. या वेळी मात्र वर्ग थेट होता. नावं लपवलेली, कॅमेरे बंद. इन्सुक चादरींच्या खोलीत फोन घेऊन बसली.

"डोळे मिटा," शिकवणारी म्हणाली. "कुठला आवाज ऐकला की छातीत धस्स होतं?"

कुणी फोन म्हणालं, कुणी सलाइनच्या यंत्राची शिट्टी.

"सपाता," एक मुलगी म्हणाली. "वऱ्हांड्यात वाजल्या की मला उलटी होते. पुढच्या महिन्यात नोकरी सोडतेय."

तिचा हा आवाज इन्सुक रोज सकाळी ऐकत होती. राग यायला हवा होता. आली ती लाज.

दुसऱ्या दिवशी ती रबरी तळाचे बूट घालून आली. सोल्बी पाठमोरी होती.

"झालं का गं?"

सोल्बी अशी दचकली की कॉफी अंगावर सांडली. "बाई, सपाता कुठेत तुमच्या?"

"काढल्या. तुला त्रास होतो ना."

सोल्बीचा चेहरा पडला. "म्हणजे वर्गात तुम्हीही होतात."

"होते."

सोल्बी कॉफी पुसत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "घालत जा त्या. वाजल्या की निदान श्वास घ्यायला सवड मिळते. अशा मांजरासारख्या आलात, तर आजच जाईन मी."

तिसऱ्या दिवशी सपाता पुन्हा वाजल्या. दाराबाहेर मात्र थांबल्या, दोन श्वासांपुरत्या. मग इन्सुक आत आली आणि पायाने खुर्ची पुढे सरकवत म्हणाली, "बसून सांग."

पुढच्या महिन्यात सोल्बी गेली नाही. त्यापुढचं इन्सुकने विचारलेलं नाही.