न्हाणीमागची पानफुटी

पानफुटीचं एक बरं असतं, ती मुद्दाम लावावी लागत नाही. पान नुसतं मातीत पडलं तरी कडेच्या खाचांतून पिल्लं फुटतात आणि बघता बघता रोपं उभी राहतात. आमच्या रत्नागिरीच्या घरी सासूबाईंनी ती कुंपणाच्या जांभ्या दगडांच्या गडग्याला लावली होती. कापलं, भाजलं, गळू आलं, मुतखडा झाला, सगळ्यावर त्यांचं औषध हेच. मला राग यायचा. मी बारावी सायन्स करून आलेली, नवी नवी सून. मला वाटायचं, मग जगात डॉक्टर कशाला ठेवलेत?

पंच्याऐंशीच्या आसपास ह्यांना मुतखडा झाला. कचेरीतून रिक्षात घालून आणलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्या म्हणाले. सासूबाईंनी गोळ्यांना नावं ठेवली नाहीत, पण रोज सकाळी अनशापोटी पानफुटीची दोन पानं चावून खायची, असा हुकूम काढला. ह्यांना ती आंबट-तुरट चव सोसेना. पानं घेऊन हे दात घासायला न्हाणीत जायचे आणि खिडकीतून मागच्या अळवात भिरकावून द्यायचे. मला पहिल्याच दिवशी दिसलं. ह्यांनी डोळ्यांनीच दटावलं आणि मी गप्प राहिले. खरं सांगते, मला तेव्हा मजा वाटली होती.

गोळ्या चालूच होत्या. खडा पडला. सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्या ऐन तिशीत विधवा झालेल्या. दिराच्या घरात राबून त्यांनी मुलाला शिकवलं होतं. आयुष्यात कुणी त्यांना कसला सल्ला विचारला नव्हता. आता आळीतल्या बायका दारात येऊन विचारू लागल्या, पानं किती घ्यायची, पथ्य काय पाळायचं. ओटीवर बसून सांगताना सासूबाईंचा आवाजसुद्धा बदलायचा. मी ह्यांना म्हटलं, आता खरं काय ते सांगून टाका. हे म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, पाल्याने कुणाचं काय वाईट होतंय? मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

शेजारच्या वहिनी म्हणजे माझी रत्नागिरीतली एकुलती एक मैत्रीण. त्यांचे यजमान मुंबईला नोकरीला. दोन लहान मुलं घेऊन इथे त्या एकट्या. पाऊस सरता सरता त्यांच्या कमरेत कळा येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, खडा अडकलाय, दवाखान्यात दाखल व्हा. पोरांना कुणाच्या गळ्यात घालू, म्हणून त्या टाळू लागल्या. सासूबाईंनी पानं नेऊन दिली, माझ्या मुलाचा पडला, तुझाही पडेल म्हणाल्या. वहिनींना तेवढाच आधार हवा होता. मी त्यांना दोनदा बजावलं, डॉक्टरांचं ऐका म्हणून. त्या हसल्या. तुझ्याच घरचं औषध आणि तूच असं म्हणतेस होय, म्हणाल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सासूबाईंची आळीत शोभा होईल, हे माझ्यावर चिडतील, असलं काहीबाही मनात आलं आणि माझी जीभ रेटेना.

मग एका सकाळी कळलं, वहिनींना रात्रीपासून हुडहुडी भरून ताप आलाय. सासूबाई लगबगीने पानं काढायला गेल्या. गडग्यावरची पानफुटी लोकांना देऊन देऊन बोडकी झाली होती. थोड्या वेळाने न्हाणीमागून त्यांचा हरखलेला आवाज आला. मी धावले. अळवात, न्हाणीच्या पाण्यावर पानफुटी नुसती माजली होती. मी ती याआधी गुपचूप उपटून टाकली होती. उपटताना गळलेल्या पानांतून ती दुप्पट झाली. सासूबाई वहिनींसाठी ओचा भरून पानं खुडत होत्या.

"ही कोणी लावली गो इथे?"

"कोणी लावली नाही," मी म्हटलं. "ह्यांनी फेकलेल्या पानांची आहे ती. ह्यांनी एकही पान खाल्लं नव्हतं."

त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता मुलाच्या नावाने शंख करतील. त्यांनी ते केलं नाही. तुला कधीपासून ठाऊक, एवढंच विचारलं. मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून.

"मग मला सांगितलं असतंस तर मी तिला पान दिलं असतं का गो?"

मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके महिने मी त्यांचा मान जपत होते, आणि खरं कळलं तरी त्या मानापायी ही बाई शेजारणीचा जीव धोक्यात घालेल, असंही मनात धरून बसले होते.

ओच्यातली पानं तिथेच टाकून त्या चिखलाच्या पायांनी वहिनींकडे गेल्या. रिक्षा आणवली, वहिनींना दाखल केलं, मुंबईला तार केली, पोरं आमच्याकडे आणली. वहिनी वाचल्या, पण आत पू झाला होता. एक मूत्रपिंड काढावं लागलं. त्यानंतर पानांसाठी कुणी आलं की सासूबाई स्वतःच सांगायच्या, माझ्या मुलाने पान तोंडात धरलंसुद्धा नव्हतं, मीच उगाच सांगत सुटले, तू डॉक्टरकडे जा. बायका पदराआड हसायच्या. मी आत स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. मला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, ही गोष्ट मात्र त्यांनी कुणालाही सांगितली नाही.

वहिनी बऱ्या होऊन पहिल्यांदा आमच्या ओटीवर आल्या तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वहिनींनी माझा हात हातात घेतला.

"काकू, तुमची सून मला दोनदा म्हणाली होती, डॉक्टरांचं ऐका. मी हिचं ऐकायला हवं होतं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो गो," त्या म्हणाल्या. "चूक माझीच."

मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.