दुसरा गिअर

आमचे ड्रायव्हिंगचे सर सांडोरचे. शिकवताना ते रस्त्याकडे कमी बघत, इंजिनाचा आवाज जास्त ऐकत. आवाज चढला की म्हणत, "मॅडम, गाडी दुसरा मागते. द्या की!" मी क्लच दाबून गिअरला हात घातला की ते मुकाट्याने क्रुसाची खूण करत. महिनाभर, दर वेळी. त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. त्यावर पाय तयारच असे.

टेस्टच्या दिवशी त्यांच्या जागेवर परीक्षा घेणारे साहेब बसले आणि सर मागे गेले. उमेळ्याच्या वळणावर आवाज चढला. दुसरा टाकताना मी हळूच आरशात पाहिलं.

सर केळं सोलत होते. दोन्ही हातांनी.

मी पास झाले, हे मला तिथेच कळलं. साहेबांना चौथ्या गिअरपर्यंत थांबावं लागलं.