गाडी ओरिजिनल करायची नाही

दुपारची जेवणं आटोपत होती तेव्हा दादाचा फोन आला. "सुमन, यमू गेली..." एवढंच म्हणाला. मी विचारलं, "कुठे गेली?" हे वेडेपणाचं वाटेल, पण गाडी आल्यापासून आमची यमूताई सारखी कुठे ना कुठे गेलेलीच असायची. कधी पडघ्याला मैत्रिणीकडे, कधी ठाण्याला नुसती हिंडायला. दादा पुन्हा नुसतं "सुमन" म्हणाला, आणि मला कळलं. आमच्या कोन गावच्या गोदामात, जिथं ती ट्रकांच्या रवानगीचं काम बघायची, तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या तिनं मान टाकली होती. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. आम्ही तिला घरी आणलं, सगळं केलं, माणसं आली आणि गेली. तिची करड्या रंगाची गाडी मात्र गोदामाच्या फाटकाशी उभीच राहिली. तिसऱ्या दिवशी दादा ती आणायला गेला, आणि घरी आला तो गुडघा चोळत. "तो दांडा लागतो सारखा," म्हणाला, आणि ओट्यावर बसून रडला. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

तो दांडा म्हणजे काय ते आधी सांगते. यमूताईचे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेले. आमच्या आईने तिला कमरेवर घेऊन शाळेत नेलं, पोर मोठी होत गेली तरी नेलं, आणि एक दिवस ताईच म्हणाली, "आये, आता मना खाली ठेव." पायांना लोखंडी पट्टे आणि काखेत कुबड्या आल्या. कोनच्या शाळेच्या वाटेवर पावसाळ्यात जो चिखल व्हायचा त्यात ती किती वेळा पडली असेल, कोण जाणे. उचलायला धावणाऱ्याला ती हात पुढे करून थांबवायची आणि स्वतः उठायची, मग कितीही वेळ लागो. मागे शाळेची पोरं खोळंबलेली असायची. "थांबा," असं ती त्यांच्याकडे न बघता म्हणायची, आणि पोरं थांबायची. तिच्याविषयी लोकांना "बिचारी" म्हणायची फार हौस होती. त्यांनी आता तरी गप्प बसावं.

गोदामात तिची नोकरी टेबलाची, पण सगळी फोनवर. कोणता ट्रक भरला, कोणता अडकला, कोण ढाब्यावर झोपलाय. मध्य प्रदेश, राजस्थानचे धिप्पाड ड्रायव्हर फोनवर तिचा आवाज आला की "जी मॅडम" म्हणून सरळ होत. देशभर गाड्या पाठवणाऱ्या या बाईला घरी यायला मात्र रिक्षा मिळायची नाही. नाक्यावर रिक्षा यायची, कुबड्या दिसल्या की वेग वाढवून निघून जायची. चढायला वेळ लागतो, कुबड्या मागे मावत नाहीत. अशाच एका संध्याकाळी ती घरी आली, कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि बाबांना म्हणाली, "मी गाडी घेते. चारचाकी." बाबांना वाटलं, ड्रायव्हर ठेवणार. "चालवनार कोन?" त्यांनी विचारलं. "मीच." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मरशील गो कुठं तरी. कनाला पायजे गाडी? हाव ना आमी न्यायला-आनायला." ताई म्हणाली, "त्यासाठीच पायजे."

गाडी जुनी घेतली, आपोआप गिअर बदलणारी. पुढचं काम अवघड होतं, ती पायांऐवजी हाताने चालेल अशी करून घेणं आणि शिकणं. पहिल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने तिच्याकडे न बघता दादाला विचारलं, "घरात दुसरं कुणी नाही का शिकण्यासारखं?" ताई म्हणाली, "आहेत की. ते माझ्या वेळेला रिकामे नसतात." आणि बाहेर पडली. मग निजामपुऱ्यात रफिकभाई सापडले. त्यांचं गॅरेज म्हणजे कापडाच्या लूमच्या खडखडाटात एका गल्लीच्या तोंडाशी असलेला पत्र्याचा आडोसा. बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. त्यांनी याआधी स्कूटरला बाजूची चाकं बसवून दिली होती, मोटारीला हात लावायला ते तयार नव्हते. "बाई, कुछ हो गया तो जिम्मेदारी कौन लेगा?" ताई ओरडली, "मैं लूंगी! आप वेल्डिंग करो!" दोन-तीन दुकानं माना बाहेर काढून बघायला लागली.

रफिकभाईंनी पहिल्यांदा दांडा डाव्या हाताला बसवला. ताईने काढायला लावला. मग उजवीकडे बसवला तो फार आखूड झाला. तोही काढायला लावला. "आप तो मेरे को पागल कर देंगी," ते म्हणाले. "अभी आधा ही किया है," ताई म्हणाली. शेवटी जमलं. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला खालून वर आलेला एक जाड लोखंडी दांडा, खाली ब्रेक आणि रेसच्या पेडलांना जोडलेला. पुढे ढकलला की गाडी थांबते, आपल्याकडे ओढला की धावते. डाव्या हाताने चक्र फिरवायला त्यावर एक गोल मूठ. ड्रायव्हरची सीट दाराकडे वळेल अशी. छताला कुबड्या अडकवायला दोन कड्या. सगळं रीतसर कागदावर आणलं, परीक्षा दिली, आणि लायसन हातात आल्यावर ताईने ते आईच्या देव्हाऱ्यात ठेवलं. आईने हळदकुंकू वाहिलं, पण गाडीत बसायला पुढे महिनाभर तयार झाली नाही.

मी लग्न होऊन कल्याणला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. ताईला माझ्याकडे यायचं तर दोघांनी खुर्चीत बसवून उचलून वर आणावं लागे. जिन्यात शेजारी दारं उघडून बघत. ती वर पोचेपर्यंत एक शब्द बोलायची नाही, मग दिवसभर नको इतकी हसायची. ते हसणं मला कधी आवडलं नाही. गाडी आल्यावर पहिल्याच रविवारी खालून हॉर्न वाजला. वाजतच राहिला. मी गॅलरीत आले तर खाली ताई, काळा चष्मा लावलेली. मी म्हटलं, "थांब, माणसं बोलावते." ती खालून म्हणाली, "मी येणार नाही. तू खाली ये. चहा घेऊन ये." मी थर्मास घेऊन खाली गेले. त्या दिवसापासून ती कधीही माझ्या घरात आली नाही, आणि मला तिची बहीण म्हणून याचा अभिमान आहे. माझी मुलं, नवरा, सासूबाईसुद्धा, ज्याला तिला भेटायचं तो तीन मजले उतरून गाडीत जाऊन बसायचा. सासूबाई गुडघे धरून उतरायच्या आणि कुरकुरायच्या. ताई म्हणायची, "या मावशी, दमलात का? जिना वाईटच हो तुमचा."

शेवटची भेटही तिथलीच. पित्त झालंय म्हणाली, चहा अर्धाच घेतला. मी डॉक्टरकडे जा म्हटलं, ती "जाते गं" म्हणाली... आणि पुढच्याच आठवड्यात दादाचा तो फोन.

तेराव्यानंतर दादाने गाडी विकायला काढली. मी त्याला दोष देत नाही. अंगणात ती उभी दिसली की तो ताटावरून उठायचा. पण जो कुणी गाडी घ्यायला यायचा तो दार उघडायचा, दांडा बघायचा आणि दार लावायचा. एक जण तर म्हणाला, "पांगळ्याची गाडी, अपशकुन नको." गाड्यांच्या दलालाने दादाला सांगितलं, हे सगळं काढून टाका, सीट कंपनीची लावा, गाडी ओरिजिनल करा, मग बघा कशी जाते. दादाने मला फोन केला. "उद्या रफिकभाईकडं नेतो. तू पन ये. मना एकट्याला न्हाय जमायचा."

मी गेले. निजामपुऱ्यात लूम तशीच खडखडत होती. रफिकभाईंनी ताईची बातमी ऐकली होती. त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. दादाने काम सांगितलं. ते गाडीत वाकले, पाना लावला, आणि पहिला नट करकरला तो आवाज त्या सगळ्या गोंगाटातही मला ऐकू आला.

"थांबा," मी म्हटलं. "काहीही काढायचं नाही."

दादा वळला. "सुमन, डोका खराब करू नको. कोन घेनार हाय ही अशी?"

"नको घेऊ दे."

"मना नीट चालवता येत न्हाय ती. गुडघ्याला लागतो तो दांडा."

"दादा, तिला जन्मभर सगळंच लागत होतं. जिना, रिक्षा, शाळेचा उंबरा. तिनं एकदा आपल्याला हवं तसं एक काहीतरी करून घेतलं, आणि आपण ते पुसून टाकायचं? का, तर कुणाला दिसू नये म्हणून? लोकांना कळू नये की ही गाडी कुणाची होती?"

"मी पुसतोय?" दादाचा आवाज चढला. "मी तिला न्हाय पुसत! मना रोज सकाली दिसते ती त्यात!"

गल्लीतली माणसं पुन्हा एकदा माना बाहेर काढून बघत होती. बघोत. मी सीट बाहेर वळवली, ताई बसायची तशी बसले आणि सीट आत फिरवली. दांड्याची मूठ तिच्या हाताने गुळगुळीत झाली होती. मी दादाला म्हटलं, "कंपनीने बनवली ती गाडी तिच्यासाठी नव्हतीच. तिच्यासाठी ओरिजिनल हीच." रफिकभाईंनी सैल केलेला नट, कुणी न सांगता, पुन्हा आवळला. मग म्हणाले, वज्रेश्वरीची एक मुलगी त्यांच्याकडे येते. स्कूटरला बाजूची चाकं लावून घेतलीत, पण पावसात फार हाल होतात तिचे. तिला विचारतो.

तिचं नाव कल्पना. आदिवासी पाड्यावरची, आईवडील मजुरीला जाणारे. तीही जायची, आणि अशीच एकदा कामावरून येताना टेम्पो उलटून कमरेखालचं शरीर लुळं पडलं. आता देवळाच्या वाटेवर हार-नारळाचं दुकान चालवते. ठरल्या दिवशी ती गॅरेजवर आली, हातांच्या जोरावर सीटवर चढली आणि दांडा धरून बघितला. पुन्हा बघितला. मग रफिकभाईंना म्हणाली, "लांब पडतो. मागे वाकवा याला. ही मूठ पन बदला, जाड हाय."

मी म्हटलं, "अगं, ते तसंच राहू दे. ताईने किती खटपट करून..."

कल्पनाने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, पण माघारही नव्हती. "बाय, त्यांचा हात लांब असंल. माझा हा एवढा हाय." तिने हात पुढे करून दाखवला. "तुमच्या ताईची आठवन म्हनून ठेवायची तर घरी ठेवा. मला चालवायची हाय."

दादा इतका वेळ दाराशी उभा होता. तो एकदम हसला, ताई गेल्यापासून पहिल्यांदा. "सुमन," तो म्हणाला, "यमूनं काय केला असता?" आणि रफिकभाईंकडे वळून, "वाकवा."

व्यवहार दादानेच पुरा केला, कागद करून दिले, आणि गोदामामागच्या मोकळ्या आवारात शेजारी बसून तिला शिकवलंही तोच. मला फोनवर तक्रारी सांगायचा, की पोरगी ऐकत नाही, वेगात नेते, उलट उत्तर देते. त्याच्या आवाजात फार दिवसांनी जोर आला होता. लायसन मिळालं आणि कल्पना गाडी न्यायला आली त्या दिवशी मीही कोनला गेले होते. कल्पनाची आई मागे बसली, डोळे घट्ट मिटून. गाडी अंगणातून निघून मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी आली आणि थांबली. मागे एक भरलेला ट्रक येऊन उभा राहिला, त्याने हॉर्न दिला. दादा घाबरून पुढे धावला. ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढेना. कल्पनाने एकदा मागे बघितलं, मग हात वर करून आतला आरसा आपल्या उंचीला लावला. जरासा डावीकडे. पुन्हा थोडा खाली. मनासारखा लागला तेव्हा दांडा ओढला आणि निघाली.