तांब्याच्या नळीचा सांधा

"घड्याळ चुकत नाही, त्याला कोणी बरोबर वेळ सांगितलेली नसते, एवढंच," असं आमची आत्या एकदा म्हणाली होती. नेहमी उशिरा येणाऱ्या एका कारकुनाने कचेरीतल्या घड्याळाला नावं ठेवली होती, तेव्हा.

बंदराच्या कचेरीतली सगळी घड्याळं तिच्या ताब्यात. खरं घड्याळ एकच. बाकीची त्याच्या पावलावर पाऊल टाकणारी. आणि त्या एकाला वेळ सांगायला गच्चीवर अँटेना, खाली रिसीव्हर. कुठल्याशा दूरच्या केंद्रातून अगदी खालच्या पट्टीतली रेडिओलहर निघते, जमिनीला चिकटून, पाण्यावरून सरकत येते. ती सापडली की रिसीव्हरचा तांबडा दिवा दर सेकंदाला डोळा मिचकावतो. आत्या त्या दिव्याकडे अजूनही पहिल्या दिवसासारखी बघत बसायची.

वादळात अँटेनात पाणी शिरलं आणि दिवा विझला. नवे साहेब भले गृहस्थ. त्यांनी समजावून सांगितलं की आता वेळ इंटरनेटवरून घेता येते, हे धूड सोमवारी भंगारात देऊ. आत्याने तोवरची मुदत मागितली आणि अँटेना, रिसीव्हर दोन्ही पिशवीत घालून घरी आणलं.

घरी काका, म्हणजे आत्याचे यजमान. जन्मभर लोकांचे नळ जोडले म्हणून अख्खी गल्ली त्यांना नळमास्तर म्हणते. आजारपणानंतर त्यांचा हात थरथरू लागला, तेव्हापासून झाळकामाची बत्ती माळ्यावर पडून होती. आत्याने अँटेनाभोवतीची जुनी तांब्याची नळी फोडली. आत लहर टिपणारी काळ्या फेराइटची कांडी दुभंगलेली, तिच्यावरची तार हिरवी पडलेली, आणि लहरीला बळ देणारं छोटं सर्किट गंजून गेलेलं. त्या सर्किटाची गंमत अशी की त्याला लागणारी वीज ज्या तारेतून वर चढते, त्याच तारेतून वेळ खाली उतरते. काका म्हणाले, एकाच नळातून पाणी वर आणि खाली, हे मी कुणाला सांगितलं असतं तर धंदा बसला असता.

कांडी, वेटोळं, सर्किट आत्याने नव्याने केलं. ती फुटकी नळी मात्र तिने काकांपुढे ठेवली. "अशीच एक करून द्या," एवढंच म्हणाली.

काकांनी जुनी नळी फिरवून पाहिली. तिच्या लांबीभर एक चीर होती, डांबराने लिंपलेली. कुणा आळशाने सांधा उघडा टाकून वर चिखल थापलाय, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी माळ्यावरून बत्ती काढली. तांब्याचा पत्रा वळवला, मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं, श्वास धरला आणि वितळलेल्या डाखाची एकच रेघ टोकापासून टोकापर्यंत नेली. मग घासून अशी नितळ केली की आत्याने बोट फिरवूनही सांधा सापडेना. तिने तोंडभरून कौतुक केलं. काका दिवसभर ती नळी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर परीक्षा सुरू झाली. फ्रीज बंद, चार्जर काढलेले, शेजारणीलाही तिचा नवा दिवा मालवायला सांगून झालेलं, कारण असल्या गोष्टींचा खरखराट या लहरीच्या मुळावर येतो. कांडी उघडी ठेवली, केंद्राच्या दिशेला आडवी केली. दिवा मिचकावला. नळीत घातली. दिवा गेला.

"लाजतंय का काय?" काका म्हणाले.

आत्याने सर्किट तपासलं, तार बदलली, कांडी पुढेमागे सरकवली. बाहेर काढली की जिवंत, आत घातली की मेलेली. तिचा चेहरा मात्र उतरला नव्हता. उलट ती जास्तच जवळ जाऊन बघू लागली, लहान मूल मुंग्यांच्या वारुळाकडे बघतं तशी. दुपारी केव्हातरी तिचं बोट नळीवरून फिरता फिरता थांबलं. मग ती उठून पाणी प्यायली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिली.

काका तिच्यामागे जाऊन उभे राहिले. थट्टेने ते तिलाच साहेब म्हणायचे. "काय झालं, साहेब?"

"ती चीर मुद्दाम होती," ती म्हणाली.

मग तिने हळूहळू सांगितलं. बंदरावरच्या क्रेनचा खरखराट बाहेर राहावा म्हणून नळी लागते. पण नळी चहूबाजूंनी मिटली की तिचंच एक कडं होतं. लहर त्या कड्यातच गोल गोल फिरते आणि विरते, आतपर्यंत पोचत नाही. कडं एका जागी तुटलेलं हवं. हे तिला ठाऊक होतं. सांधा बघताना ते डोक्यातच आलं नाही.

"तुम्हाला सांगायला हवं होतं मी."

"मग आता?"

"दुसरी करू."

"उद्यापर्यंत? पत्रा संपला," काका म्हणाले. "आणि तो हात परत लागायचा नाही."

ते आपली हॅकसॉ घेऊन आले. आत्याने खाली वर्तमानपत्र पसरलं. करवत त्या रेघेवरच चालली. डाखाचा चंदेरी भुसा वर्तमानपत्रावर सांडला. कांडी आत गेली. दिवा मिचकावला.

काका वाकून बघत राहिले. मग त्यांनी तारेचा तुकडा चिरेवर आडवा दाबला. दिवा विझला. उचलला. मिचकावला. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. थरथरणाऱ्या हाताने तार नेमकी टेकत नव्हती तेव्हा दिवाही अडखळायचा, आणि त्याचीच त्यांना मोठी मजा वाटत होती. "बघ, बघ," ते म्हणाले, "माझ्या सांध्याला ओळखतंय ते." संध्याकाळी चिरेत डांबर त्यांनीच भरलं, तेही एका सरळ रेघेत.

सोमवारी सकाळी आत्याने चपला घातल्या. रोज निघताना गॅस, दूध, गोळ्या असा पाढा असतो. काका गोळ्या घेऊन आधीच दारात उभे होते, आज तरी बोलणी खायला लागू नयेत म्हणून. आत्याने रिसीव्हरची पिशवी खांद्याला लावली, नळी उचलून काकांच्या हातात दिली, त्यांच्या चपला पुढे सरकवल्या आणि दार त्यांच्यासाठी उघडं ठेवून बाहेर पडली.