अविधवा नवमीचं ऊन

काशीत राहून मोक्षाऐवजी उष्णतेबद्दल बोलणारा माणूस माझ्या माहितीत एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा. ज्या गावात लोक मरायला येतात, त्या गावात मामांनी उभी हयात ऊर्जा कधी मरत नाही हे शाळेतल्या पोरांना शिकवण्यात घालवली. ते निवृत्त झाले तेव्हा पोरं सुटली आणि आम्ही सापडलो. रेल्वेतल्या बदलीमुळे मी नागपूरहून इथे आलो, तेव्हा मंगला गौरीच्या देवळाजवळच्या त्यांच्या घरी पहिल्याच भेटीत माझ्यापुढे पोह्यांची बशी आली. मी घास उचलला तोच मामांनी विचारलं, "जावईबापू, हे आलं कुठून?" मी भाबडेपणाने चौकातल्या दुकानाचं नाव घेतलं. मामा माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसे बघत राहिले. पोहे साळीचे, साळ उन्हाची, म्हणजे जावईबापू ऊन खाताहेत, इथवर ते पोचेपर्यंत पोह्यांची पार गारगोटी झाली होती. आतून मामींचा आवाज आला, "आणि पोह्यांतली उष्णता गेली कुठे, तेही सांगून टाका."

'हे आलं कुठून?' हा प्रश्न मामांनी कुणाला विचारला नाही असं नाही. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढताना आपल्याला धाप लागते, तर हे प्रत्येक वळणावर थांबून, आत्ता सकाळची पोळी खर्च होते आहे, असं सांगायचे. एका ई-रिक्षावाल्याला त्यांनी गाडी कशावर चालते ते विचारलं. तो म्हणाला, बॅटरीवर. बॅटरीत कुठून आलं? चार्जरमधून. चार्जरमध्ये? तारेतून. तारेत? मैदागिन चौकाच्या गर्दीत त्याने गाडी बाजूला घेतली आणि हात जोडून म्हणाला, "बाबूजी, आप यहीं उतर जाइए।" मामा उतरले, पण तारेतली वीज कोळशातून येते आणि कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेलं ऊन, हे सांगूनच उतरले. वीज गेली की सगळी गल्ली वीजवाल्यांचा उद्धार करायची. मामा तेवढे शांत. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती फक्त दुसऱ्या मोहल्ल्यात जाते, हे त्यांचं सांत्वन. अणुऊर्जा तरी सूर्याची नाही ना, असं मी एकदा त्यांना कोंडीत पकडायला गेलो. ते म्हणाले, ती आपल्या सूर्याच्याही आधी फुटून गेलेल्या ताऱ्यांची. म्हणजे सूर्यालाही पितर आहेत. त्यानंतर मी त्या वाटेला गेलो नाही.

मामांच्या सगळ्या सिद्धांतांचा पुरावा म्हणून छतावर एक सूर्यचूल होती. आतून काळी केलेली पेटी, वर काच, झाकणाला आरसा. चूल मामांनी आणली, पण चालवली मामींनी. मामा सूर्याबद्दल बोलत आणि मामी पेटी सूर्याकडे फिरवत. ऊन सरकलं की त्या हातातलं काम टाकून जिना चढायच्या. माकडांना त्या आरशाचं भारी वेड. त्यांना हुसकावून मामी त्याच आरशात बघून कुंकू नीट करायच्या. वरणभाताला दुपार व्हायची, पण त्या घरातल्या वरणाची चव मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही. मूल नव्हतं त्यांना. एकमेकांशी हुज्जत घालणं हाच त्यांचा संसार होता, आणि तो दोघांनी मन लावून केला.

गेल्या माघात मामी अचानक गेल्या. मामांचा तो प्रश्नच बंद झाला. पोहे यायचे, मामा मुकाट खायचे, आणि मला कधी वाटलं नव्हतं, पण त्यांच्या त्या छळवादाची आठवण यायची. भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. आदल्या दिवशी मामांनी जाहीर केलं की पिंडांचा भात मामींच्या सूर्यचुलीतच शिजेल, नाहीतर श्राद्धच होणार नाही.

घरचे गुरुजी संकठा घाटाजवळ राहणारे, मामांचे बालमित्र. त्यांनी कपाळाला हात लावला. पाक अग्नीवर व्हायला हवा, पेटीत उबवलेला भात पितरांना चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खाली मंगला गौरीच्या देवळात आदित्य बसलाय. तो अग्नी नसेल तर तसं त्याला तोंडावर सांगून या, मग मी गॅस पेटवतो." गुरुजी काही खाली गेले नाहीत.

पण आदित्यालाच काही पडलेली नव्हती. नवमीला सकाळपासून मळभ. सोवळं नेसून मामा छतावर, पेटीत तांदूळ, आणि आरशात नुसते ढग. ऊन जरा डोकावायचं, मामा लगबगीने पेटी फिरवायचे, की ते पुन्हा गडप. बारा वाजले, एक वाजला. खाली गुरुजी पळी-पंचपात्र मांडून खोळंबले होते. अपराह्नाची वेळ टळली तर आजचं श्राद्ध बुडेल, असा त्यांनी दोनदा निरोप धाडला. बायको रडवेली होऊन मला म्हणाली, तुम्हीच सांगा त्यांना. मी वर गेलो. वाटलं, त्यांच्याच शास्त्राने त्यांना गाठावं. "मामा, गॅससुद्धा सूर्याचाच, हे तुम्हीच शिकवलंत. मग पेटवला तर काय बिघडलं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते, पण मान ताठ होती.

"सूर्याचाच आहे. पण ते शिळं ऊन आहे, जावईबापू. तिने आयुष्यभर मला ताजं वाढलं. मी तिला शिळं वाढणार नाही."

मी खाली जाऊन गुरुजींना सांगितलं की थांबा, आणि बायकोला सांगितलं की गॅसला हात लावायचा नाही. माझा आवाज चढला होता. गुरुजींनी चष्मा पुसला आणि ते गुडघे धरत छतावर आले. अपराह्न सरायला अजून वेळ आहे असं पुटपुटत ते मामांशेजारी बसले. मग दोनच्या सुमाराला ढग फाटले, आणि भाद्रपदातलं ते चटका देणारं ऊन पेटीवर उतरलं. पिंड वळले जातील इतपत भात शिजला. कणी राहिलीच. गुरुजींनी कणीबद्दल अवाक्षर काढलं नाही, उलट संकल्प जरा मोठ्यानेच सांगितला.

सगळं आटोपल्यावर मी वर गेलो, तर मामा रिकाम्या पेटीजवळ बसलेले. काच अजून गरम होती. तिच्यावर तळवा ठेवून ते हळूच म्हणाले, "सगळं कुठून येतं, ते मला ठाऊक होतं. ती मात्र नेहमी विचारायची, गेलं कुठे?"

ऊन सरकलं होतं. मी पुढे झालो आणि पेटी थोडी पश्चिमेकडे फिरवली.