पोडावरचं गाणं-बजावणं अन् माझ्या हातून फाटलेलं आयर्लंडचं डफडं

आमच्या घरात गावाले जाणं म्हणजे लग्नाले जाणं, नाहीतर मयतीले. म्हणून नात पल्लवी जवा म्हणाली, "आजी, दोन दिवस गाणं ऐकायले चालतं का?" तवा मी पहिले विचारलं, "कोणाच्या घरचं?"

"कोणाच्याच घरचं नाही. पांढरकवड्याच्या तिकडे एका पोडावर आहे. आयर्लंडचे लोक येऊन राह्यले."

"ते कायले येतात इकडे?"

"वाजवायले."

आता माणूस नुसतं वाजवायले सात समुद्र ओलांडून येते, तर आपल्याले यवतमाळजवळच्या लोहाऱ्यावरून तिथवर जायले काय होते? मी पिशवी भरली. एक लुगडं, एक सोलापुरी चादर, गुडघ्याचं तेल अन् लसणाची चटणी.

आधीच सांगून ठेवते, मी तिसरी शिकलेली. मी वहीत लिहिते, पल्लवी मोबाईलवर उतरवते. तिनं चार ठिकाणी माझी भाषा सुधारली होती, ती मी पुन्हा जागेवर आणून ठेवली. लोक म्हणतात जाऊन आलं की लिहा, दुसऱ्याले कामी पडते. म्हणून लिहून राह्यली.

यवतमाळच्या स्टँडवरून सकाळची एसटी धरा, जागा भेटते. पल्लवीचं अर्धं तिकीट, माझं पंच्याहत्तर पूर्ण म्हणून फुकट. पण आधारकार्ड सोबत ठेवा. कंडक्टरनं कार्ड पाह्यलं, मंग मले पाह्यलं. "आजी, पंच्याहत्तरच्या वाटत नाही."

"मंग काय फाडतं का तिकीट?"

अख्खी गाडी हासली. रस्त्यानं दोन्ही बाजूले साग, पानगळ लागलेली, अन् मधात पऱ्हाटीची वावरं कापसानं पांढरीफटक. पांढरकवड्याले उतरून हायवेवर चहा घेतला. तिथं ट्रक इतके, की रस्ता ओलांडायले पल्लवीनं माझा हात धरला अन् मी तिचा. पुढं ऑटोत अकरा जण बसलो. फाट्यापासून दोन किलोमीटर पायी, पण म्हाताऱ्या माणसांसाठी पोडावरच्यांनी बैलगाडी उभी केलती. पोड म्हणजे कोलाम लोकांची वस्ती, चाळीस-पन्नास घरं, मातीची, सारवलेली, आंगणात चुलीची राख सुद्धा दिसू नये असं.

गेटगिट काही नाही. मोहाच्या झाडाखाली सुनंदा नावाची बाई पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली. तिकीट नाही, वर्गणी नाही. तिथं एकच विचारतात, "नाव सांगा, अन् काय येते ते सांगा." ज्याले जे येते ते काम त्यानं दोन दिवस करायचं. ते त्याचं तिकीट. एक मास्तर पाणी भरून राह्यले होते, एक पुसदचा कापडवाला भांडे घासून राह्यला होता.

"मावशी, तुम्हाले काय येते?"

"सगळं येते बाई. फक्त गुडघे साथ देत नाहीत."

"मंग बसून करायचं काम देते," म्हणाली, अन् मले डफडी शेकायच्या जाळाजवळ बसवलं.

ही सुनंदा याच पोडावरची. नर्स झाली, आयर्लंडले दवाखान्यात नोकरीले लागली. तिथं एका लहानशा गावात असाच गाण्याचा उत्सव पाह्यला. गावच्याच लोकांनी खुर्च्या मांडल्या, गावच्यांनीच रांधलं, गावच्यांनीच झाडलं. तिच्या मनात आलं, हे तं आपल्या पोडावरही होऊ शकते. तवापासून दर थंडीत सुट्टीवर येते तवा तिकडचे वाजवणारे मित्र-मैत्रिणी घेऊन येते. त्यांच्या गाण्याले सेल्टिक म्हणतात. सेल्टिक म्हणजे तिकडच्या जुन्या लोकांचं, राजाच्या दरबारातलं नाही, चुलीपुढचं अन् वावरातलं. असं तिनं मले सांगतलं अन् मले ते पटलं.

आता मंचाची गोष्ट ऐका. यांच्यात एक नाच असते, त्यात पाय जमिनीवर आपटतात अन् पायातूनच ताल निघते. मातीवर तो ताल वाजत नाही, लाकूड पाहिजे. तर पोडावरच्या प्रत्येक घरानं आपलं एकेक दार काढून आणलं! सागाची दारं, बिजागऱ्या सोडवून, आडवी मांडलेली. कोणाच्या दारावर हळदीचे हात, कोणाच्यावर लेकरानं खडूनं काढलेली गाय. दोन रात्री अख्खं पोड बिनदाराचं झोपलं. आमच्या लोहाऱ्यात मी दूध घ्यायले दोन मिनिटं खाली उतरली तरी कडी लावते. मी त्या दारांकडे पाहतच राह्यली.

जाळाचं काम लेतूबाबानं शिकवलं. लेतूबाबा पोडावरचा सगळ्यात जुना वाजवणारा, डफडी बनवणाराही तोच. थंडीत कातडं दव धरते अन् सैल पडते, आवाज बसते. मंग पऱ्हाट्यांचा जाळ करून डफडं शेकायचं, की ते पुन्हा ताठ. "जाळाले दाखवायचं, जाळात घालायचं नाही," बाबा म्हणे. "पापड फिरवते ना तू? तसं फिरव." पापड तर मी साठ वर्षं फिरवले. दुपारपर्यंत माझा हात असा बसला, की पोट्टे डफडं घेऊन रांगेत उभे राहत अन् म्हणत, "आजी, माझं आधी!"

दुपारी जेवाले गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे अन् वांग्याची भाजी. आयर्लंडचा उंच माणूस, फिडल म्हणजे त्यांचं व्हायोलिन वाजवणारा, त्यानं ठेचा चटणी समजून चमचाभर खाल्ला अन् उठून दोन चकरा मारून आला. पण मंग पुन्हा मागितला, हे मी डोळ्यानं पाह्यलं.

दिवस कलला तवा नोरा आली. नोरा म्हणजे त्यांच्यातली डफडंवाली, पन्नाशीची, पिकल्या केसांची, बोलायले कमी. तिचं डफडं परातीएवढं, चाळणीसारखं एका बाजूनं उघडं, त्याले आपल्यासारखंच बकरीचं कातडं. ते माझ्याजवळच्या खांबाले टेकवलं अन् ती जेवाले गेली. मी सहज हात लावला तर ओलसर. बोटानं वाजवून पाह्यलं तर भद्द. म्हटलं, घ्या! पाहुणीच्या डफड्यानं दव धरलं, तिले बिचारीले आपल्या इकडचं काय माहीत. मी ते जाळाले दाखवलं. फिरवलं. आवाज चढला, टण टण व्हायले लागला. मले इतका आनंद झाला, की म्हटलं अजून एक फेरा देऊ.

फट्ट झालं.

काठापासून मधापर्यंत कातडं फाटलं. माझं बोट जाईन एवढी फट.

पल्लवी धावत आली. "आजी, चूप राय. वाळल्यानं फाटलं म्हणू."

"जाळाजवळ मी, डफडं माझ्या हातात, अन् फाटलं वाळल्यानं? असं उत्तर आमच्या तिसरीच्या गुरुजीनंही चालवून घेतलं नसतं."

मी उठली. गुडघे दुखले का नाही ते आठवत नाही. नोरा पंगतीत बसली होती. मले इंग्रजी येत नाही. मी डफडं दाखवलं, जाळ दाखवला, अन् माझ्या छातीवर बोट ठेवलं. तिनं ताटली खाली ठेवली. फाटलेल्या जागेवरून एक बोट फिरवलं, हळू, जसं कोणाच्या जखमेवरून फिरवते. मंग डफडं घेऊन तुरीच्या वावराकडे निघून गेली.

सुनंदानं मले बसवलं. "मावशी, ते दव नव्हतं. तिनंच पाणी लावलं होतं. त्यांच्याकडे बारा महिने ओल. आपली हवा इतकी कोरडी, की तिचं कातडं आवळते अन् आवाज चिरका होते, म्हणून ती ओलं करून सैल करते."

म्हणजे आपण सैल पडलं म्हणून शेकायचं, अन् तिनं ताठ झालं म्हणून भिजवायचं! बकरी एकच, आभाळ निराळं. पण हे शहाणपण मले आता सुचून काय फायदा. चौदा वर्षं ते कातडं तिच्या हाताखाली होतं. माझ्या भाकरीचा तवा कोणी चांगुलपणानं घासून लखलखीत करून ठेवला, तर मी आठ दिवस रडीन. नवा तवा बाजारात भेटते, सवयीचा भेटत नाही. मी त्या सांजेले जेवली नाही. बाकीचे गात होते, मले काही ऐकू आलं नाही.

लेतूबाबा आला, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नोराजवळ बसला, मले हाताच्या खुणेनं बोलावलं. डफडं उलटंपालटं करून पाह्यलं. "लाकूड शाबूत हाय. फाटलं ते कातडं. कातडं तं फाटतेच, त्याले काय कायमचं राह्यचं असते?" सुनंदानं ते नोराले सांगतलं. बाबाच्या घरी आढ्याले बकरीचं कोरडं कातडं टांगलेलं होतं. "चढवू का?" नोरानं फाटलेली फट बोटानं एकदा जुळवून पाह्यली. मंग मान हलवली. बाबानं रातीलेच कातडं घमेल्यात भिजत टाकलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तवा कामाले लागलो. बाबानं जुने खिळे उपटले. नोरानं लाकडाचं कडं आपल्या मांडीवर धरलं, दुसऱ्या कोणाले धरू देल्लं नाही. चार जणींनी चार बाजूनं कातडं ओढायचं होतं. मी म्हटलं, एक बाजू माझी. कोणी काही म्हणायच्या आधी बसलीच. माझी बाजू नेमकी नोराच्या समोर आली. मी ओढलं, पण अंगठा चुकीच्या जागी होता. नोरानं माझा अंगठा धरून एक बोट सरकवला. बस, तेवढंच. बाबा खिळे ठोकत गेला अन् मले म्हणे, "ओढ, लीलाबाई, ओढ! सासरची चादर हाय का हळूहळू धराले?"

पण त्या सांजेले ते वाजणार नव्हतं. सहा दिवस सावलीत वाळलं पाहिजे, उन्हाचा चटका लागला तं पुन्हा फाटन, असं बाबानं बजावलं. म्हणून शेवटच्या गाण्याले नोरानं बाबाचंच डफडं घेतलं. आपले लोक दोन काड्यांनी वाजवतात, तिची एकच आखूड काडी, दोन्ही टोकांनी फिरणारी. बाबा म्हणे, "वरण ढवळून राह्यली का वं?" अन् मंग वाकून पाहू लागला. ती काडी दिसतच नव्हती. फिडलची धून जात्यासारखी गोल गोल फिरे, फेरा पुरा होते म्हणता म्हणता दुसरा लागे. दारांवर एक पोरगी नाचे अन् सागाची दारं बोलत. बाबानं ढोल गळ्यात घातला अन् मधात शिरला. आधी दोघांचा ताल एकमेकांले अडखळला, मंग बाबानं नोराकडे पाह्यलं, नोरानं बाबाकडे, अन् कुठं जुळलं ते मले समजलं नाही. पोडावरच्या बायांनी हात धरून गोल केला. मले वाटलं मी इतके वर्षं जगली, कानानं ऐकलं बहुत, पण अंगानं पहिल्यांदाच ऐकून राह्यली.

सकाळी निघायची वेळ. आयर्लंडच्या लोकांले अजून वाजवत शाळांमधून फिरायचं होतं, गाडीत ऊन. डफडं ठेवायचं कुठं? बाबाच्या घराले दार बसवायचं काम निघालं होतं, लेकराबकऱ्यांची ये-जा. मी म्हटलं, "मी नेते. लोहाऱ्याले माझ्या धान्याच्या खोलीत ऊन येत नाही."

पल्लवीनं मले चिमटा काढला. सुनंदानं माझ्याकडे पाह्यलं, मंग नोराले सांगतलं. ज्या हातानं फाडलं त्याच हातात कोण देते? नोरा लय वेळ माझ्या हाताकडे पाहत होती. मंग तिनं आपला टॉवेल डफड्याले गुंडाळला अन् माझ्या मांडीवर ठेवलं.

परतीच्या गाडीत दुसरा कंडक्टर. "आजी, चाळणी एवढी जपून काहून धरली?"

"आयर्लंडची आहे."

"तिकडे वेगळं पीठ चाळतात का?"

खड्डा आला की मी डफडं उचलून धरे, म्हणजे धक्का माझ्या मांडीले.

सहा दिवस ते दोन विटांवर, धान्याच्या खोलीत. सकाळी एकदा फिरवून ठेवायची. पोरगा एमआयडीसीतून आला की विचारे, "आई, पाहुणी काय म्हणते?" खिडकीले मी पोतं लावलं. सून म्हणे, "खोलीत अंधार केला." म्हटलं, राहू दे, तूर काही वाचत बसली नाही.

तुम्ही जाणार असाल तर जा. चादर न्या, एक काम शिकून न्या, अन् दुसऱ्याच्या वाद्याले विचारल्याशिवाय हात लावू नका. माझ्याजवळ काय राह्यलं म्हणाल तर गाणं नाही राह्यलं, ते मले गुणगुणताही येत नाही. त्या लोकांनी दार काढून देल्लं अन् तिनं डफडं देल्लं, हे मात्र डोक्यातून जात नाही. आपण इतकं कोणाले कधी दिलं, असं भाकर करता करता मनात येते अन् भाकर करपते.

सातव्या दिवशी नोरा अन् सुनंदा घरी आल्या. मी डफडं समोर ठेवलं अन् पाणी द्यायचंही विसरली. नोरानं टॉवेल काढला. कातडं पुरं वाळलेलं, मधात बदामी डाग. तिनं बोटानं टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं. मंग सुनेनं आणलेल्या ग्लासातलं पाणी चार बोटांवर घेऊन कातड्यावर पसरवलं. सुनंदाले काहीतरी म्हणाली.

"म्हणते, हे जुन्यासारखं नाही. आवाज खोल आहे. ओळख व्हायले वर्षं लागतील."

मी मान हलवली. खोटं बोलली नाही, हे मले बरं वाटलं.

नोरानं डफडं मांडीवर उभं धरलं, अन् माझा हात ओढून घेतला. मागच्या उघड्या बाजूनं आत, कातड्याले टेकवला. समोरून काडी फिरवली. सुनेच्या पोटावर हात ठेवला की आतून लेकरू लाथ मारते ना, तसं माझ्या तळहातावर आलं. हात दाबला की आवाज चढे, सोडला की खाली उतरे. मी दाबे, ती वाजवे. सून दारात येऊन उभी राह्यली, शेजारची आली. नोरा थांबली अन् हळूच काही बोलली.

"विचारून राह्यली," सुनंदा म्हणाली, "राग गेला का?"

"तिचा? ते मी काय सांगू?"

"तिचा नाही मावशी. तुमचा, तुमच्यावरचा."

माझा हात अजून आतच होता.

"तिले म्हणा," मी म्हटलं, "वाजव अजून."