मागचे पाय अर्जुनाचे

पाटणच्या अलीकडच्या एका गावात अर्जुना राहतो. वय शहात्तर. पन्नास वर्षांपूर्वी तो सिनेमात होता. भेटेल त्याला तो हे सांगतो, आणि सिनेमा बघितलेला माणूस विचारतो, "आबा, तुमी दिसला न्हाईसा कुठं?" आता दिसणार कसा? अर्जुना घोड्यात होता. आणि घोड्यातही मागं.

मूळ नाटक गावचंच. राजकन्येला चंद्रावर नेणारा पंखांचा घोडा आणि गाणी पंधरा-वीस. घोडा पांढऱ्या वाकळा शिवून केलेला. पुढच्या पायांत लालासाहेब, मागच्या पायांत अर्जुना, लालासाहेबाच्या कमरेला धरून वाकलेला. नाटक गाजलं तसे सिनेमावाले आले. खरा घोडा गाण्यावर नाचेना, म्हणून हाच वाकळांचा घोडा घेऊन गेले. ऐन गाण्यात घोडा ढुंगण टेकून बसतो आणि ठेक्यावर उठतो, ती बैठक तर अजून तालुक्यातल्या वरातीत नाचतात. खरं सांगायचं तर अर्जुनाच्या पोटरीत गोळा आला होता, म्हणून तो बसला. पण सिनेमात नावं पडतात तिथं लिहिलंय, 'घोडा : लालासाहेब'. लिहिणाऱ्याला वाटलं, घोडा एक म्हणजे माणूस एक. लालासाहेब काही वाईट गडी नव्हे. त्यानं फक्त नाही म्हटलं नाही, आणि पुढं पुढं ती बैठक आपल्याच डोक्यातून निघाली असं त्याला स्वतःलाच वाटू लागलं.

यंदा यात्रा कमिटीनं तोच सिनेमा पडदा बांधून दाखवायचं ठरवलं. आधी घोड्याचा सत्कार. फेटा एक, शाल एक, नारळ एक. यात्रेच्या आदल्या दिवशी ते ऐकलं आणि अर्जुना जेवणावरून उठला. एकदा, निदान एकदा तरी गावानं म्हणावं की मागं अर्जुना होता, एवढंच त्याला हवं होतं.

त्याची बायको हरणाबाई तडक कमिटीच्या जयराजकडं गेली. "का रं, बेंदराला एकाच बैलाची शिंगं रंगवतोस व्हय?"

"आज्जी, पत्रिका छापून झाली," जयराज म्हणाला. पत्रिका छापली म्हणजे पुढं ब्रह्मदेवाचंही काही चालत नाही.

यात्रेच्या संध्याकाळी लालासाहेबाच्या डोक्यावर फेटा चढला. टाळ्या झाल्या. आणि बायकांच्या घोळक्यातून हरणाबाई उठली. "आवं लालाभावजी, ती बैठक तेवढी करून दावा की."

बँडवाल्यांनी गाणं उचललं. लालासाहेब ताठ उभा राहिला. गाणं पुढं सरकलं, लालासाहेब उभाच. लोक वाट बघत राहिले. त्याचा तरी काय दोष? त्या बैठकीत पुढचे पाय नुसते उभेच असतात. त्याला तेवढंच येत होतं. शेवटी लाजेकाजेस्तव तो खाली बसला आणि त्याचा गुडघा तिथंच अडकला. उठता येईना.

पहिल्या रांगेत बसलेल्या अर्जुनाला राहवलं नाही. दोन ढांगांत तो स्टेजवर गेला, मागून वाकला, लालासाहेबाच्या कमरेला हात घातले आणि बरोबर ठेक्यावर उचललं. लगेच स्वतः ढुंगण टेकून बसला आणि पुढच्या ठेक्याला उठलासुद्धा. सगळ्या मैदानानं घोडा ओळखला. शिट्ट्या थांबेनात.

लालासाहेबानं माईक ओढला. "गावकऱ्यांनो, बसत ह्योच होता. मी फकस्त हुबा ऱ्हायचो." आणि आपला फेटा काढून त्यानं अर्जुनाच्या डोक्यावर ठेवला. तोवर अर्जुनाची कंबर आखडली होती, त्यामुळं फेटाही त्यानं वाकूनच घेतला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पुढं लालासाहेब हसतोय, त्याच्या पाठीमागून नुसता फेटा डोकावतोय. हरणाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "आत्ता तरी त्वांड वर करायचं."

"फेटा दिसतोय न्हवं? त्याच्याखाली मीच हाय," अर्जुना म्हणाला, आणि दोन दिवसांचं एकदम जेवला.

पुढच्याच आठवड्यात गावात वरात निघाली. बँडवाल्यानं विचारलं, "कंचं वाजवू?" पोरं म्हणाली, "अर्जुनाआबाची बैठक."